पडद्याकडची बाजू

जानेवारीतल्या शेवटच्या रविवारी, हरसूलच्या अलीकडच्या एका पाड्यावर वेदिकाच्या टाचेत काटा मोडला. फोटो काढायला म्हणून ती सकाळीच नाशिकहून निघाली होती, पायात साध्या चपला घालून. खळ्यामागच्या पायवाटेनं चालताना चप्पल भेदून काटा आत शिरला. ओढायला गेली तर हातात आला तो नुसता बुडखा. टोक आतच राहिलं. हापशावर पाणी भरणाऱ्या लंकाबाईनं तिला लंगडताना पाहिलं आणि हंडा खाली ठेवला.

"ताई, असं उकरू नका. पाय सुजंल. बारकूबाबाकडं चला. त्याच्याकडं भिंग हाय."

बारकूबाबा ओसरीवर दोर वळत बसला होता. सत्तरी ओलांडलेला, अंगानं काटक, डोक्याला पांढरी टोपी. काय झालं ते लंकाबाईनं सांगितलं, तसा त्यानं दोर बाजूला ठेवला, वेदिकाला खाटेवर बसवलं आणि तिचा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला. ती संकोचली. "राहू द्या बाबा, पायाला हात…"

"मग काटा काय हातातनं काढू?" तो म्हणाला आणि कोनाड्यातलं फडक्याचं गाठोडं त्यानं खाली काढलं.

वेदिकाला वाटलं होतं, प्लास्टिकच्या दांड्याचं साधं भिंग निघेल. फडक्यातून निघाली ती पितळेची नळी. मुठीएवढी जाड, वीतभराला थोडी कमी, दोन्ही टोकांना काच. एका कडेला बारीक अक्षरांत काही कोरलेलं, त्यातलं 'पाच इंच' एवढंच वाचता येत होतं. बारकूबाबानं नळी डाव्या हातात टाचेवर धरली, एक डोळा मिटला आणि उजव्या हातातल्या सुईनं कातडी अलगद बाजूला केली. वेदिका पाय विसरली.

"बाबा, ही सिनेमाच्या मशीनची लेन्स आहे ना?"

"पाय हलवू नको."

काट्याचं टोक निघालं. जखमेवर त्यानं रुईचा चीक लावला, मगच बोलला. तरुणपणी तो एका फिरत्या तंबू-थेटरात मशीन चालवायचा. त्र्यंबकच्या पौषातल्या जत्रेपासून वणीच्या चैत्रातल्या जत्रेपर्यंत, बावीस वर्षं. पुढे घरोघरी टीव्ही आले आणि तंबू बंद पडला. मशीन भंगारात निघालं.

"मालकानं इचारलं, बारकू, तुला काय पाहिजे? मी म्हणलं, डोळा द्या. बाकी लोखंड घेऊन काय करू? तवापासनं लोकांचे काटे काढतो."

वेदिकाचं काम नाशिकलगतच्या अंबडच्या कारखान्यांचं. व्हॉल्व्ह, गिअर, बेअरिंग अशा वस्तूंचे कॅटलॉगसाठी फोटो ती काढायची. तिचा कॅमेरा नवा होता आणि त्याच्या लेन्सा इतक्या स्वच्छ की व्हॉल्व्हवर बसलेला धुळीचा कणसुद्धा फोटोत यायचा आणि मग तो बसून पुसावा लागायचा. सात वर्षांत त्या स्वच्छपणाचा तिला कंटाळा आला होता. दोनेक वर्षांपूर्वी कुणीतरी तिला एक जुनी रशियन लेन्स दिली. मध्ये एक कडी घालून ती नव्या कॅमेऱ्यावर बसवली आणि गंगापूरच्या रस्त्यावरचं एक साधं गुलमोहराचं झाड टिपलं. फोटोत मागची पानं भोवऱ्यासारखी फिरत होती. त्या दिवसापासून ती जुन्या लेन्सा शोधत हिंडू लागली. एकीची काच म्हातारपणानं पिवळी पडली होती. ती तिनं पंधरा दिवस खिडकीत उन्हात ठेवून निवळवली. एक उन्हाकडे धरली की फोटोत रंगीत कडी उमटवायची. प्रत्येकीचं काहीतरी अंगचं होतं. पण सिनेमाच्या मशीनची लेन्स तिच्या हाताला कधी लागली नव्हती.

"बाबा, विकत द्याल?"

"नाय."

"मग आठ दिवस द्या. मी स्वतः आणून देईन."

बारकूबाबा नळी फडक्यात गुंडाळू लागला. आतून त्याची बायको कमळाबाई म्हणाली, "द्या की आठ दिस. राबाची तोडणी कुठं लागलीय अजून?"

पावसाआधी भाताच्या रोपांची जागा भाजायची, त्यासाठी पाड्यावरचे सगळे फांद्या तोडायला रानात जातात. त्या दिवसांत काट्यांना सुमार नसतो. बारकूबाबानं मनाशी हिशेब केला.

"पुढल्या रविवारी आण. मग रोज दोन-चार पाय येतात माझ्याकडं."

"काही लिहून देऊ का?"

"लिहून काय करू? तू येशील."

सोमवारी वेदिका अंबडला इनायतचाचांच्या शेडमध्ये गेली. इनायत शेख एका कारखान्याच्या टूलरूममध्ये तीस वर्षं टर्नर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचा एक जुना लेथ टाकला होता. वेदिकाच्या लेन्सांच्या कड्या तेच करून द्यायचे.

त्यांनी नळी हातात घेतली, आधी नुसती फिरवून पाहिली. मग मायक्रोमीटर लावला. एका जागी, दुसऱ्या जागी, तिसऱ्या जागी.

"बासष्ट पॉइंट चार आठ. सगळीकडे तेवढंच. बेटा, ही साठ वर्षांपूर्वी कुणीतरी हातानं टर्न केलीय. आणि आजही गोल म्हणजे गोल. ज्यानं केली त्याला आपला सलाम."

काम सोपं नव्हतं. कॅमेऱ्याच्या लेन्सला फोकस करायला फिरती कडी असते; हिला काहीच नव्हतं. मशीनमध्ये ती अख्खी नळीच पुढेमागे सरकवायचे. म्हणजे तिला धरून पुढेमागे नेणारी दुसरी नळी करायला हवी होती.

"चाचा, दोन भोकं पाडून स्क्रू मारले तर एका दिवसात होईल."

इनायतचाचांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "कुणाची आहे?"

"हरसूलकडच्या एका बाबांची. आठ दिवसांसाठी आणलीय."

"मग ही अमानत आहे. हिच्यावर एक ओरखडा उठता कामा नये. परत देताना त्याला कळलंही नाही पाहिजे की हिला कुणी हात लावला."

त्यांना चार दिवस लागले. अॅल्युमिनियमचा ठोकळा लेथला लावून त्यांनी आधी एक पट्टा केला, एका बाजूनं चिरलेला, आतून मऊ बनातीचं अस्तर लावलेला. तो नळीला मिठी मारून बसायचा आणि एक स्क्रू ढिला केला की सुटायचा. मग त्याभोवतीची फिरती नळी. तिचे आटे त्यांनी चार तोंडांचे काढले, म्हणजे थोडं फिरवलं की लेन्स भरपूर सरकेल. पहिली नळी बुधवारी तयार झाली. वेदिकाला ती सुरेख वाटली. चाचांनी दोन बोटांनी फिरवून पाहिली आणि भंगाराच्या डब्यात टाकली.

"काय झालं?"

"मध्ये एका जागी अडखळते."

वेदिकानं ती डब्यातून काढून फिरवून पाहिली. तिला काही जाणवलं नाही. चाचांची बायको सलिमा चहा घेऊन आली होती; ती म्हणाली, "तिला नको सांगू, चाळीस वर्षं मला सांगतोयस. मला पण कळत नाही."

दुसरी नळी गुरुवारी झाली. आत त्यांनी बारीक चऱ्या पाडल्या आणि मॅट काळा रंग दिला, आतल्या आत उजेड उसळू नये म्हणून. शुक्रवारी दुपारी लेन्स कॅमेऱ्यावर चढली. स्क्रीनवर आलं: लेन्स जोडलेली नाही. वेदिका हसली. ओळखीच्या नसलेल्या लेन्सचं अस्तित्व हा कॅमेरा मानायचाच नाही. सेटिंगमध्ये जाऊन त्याची समजूत काढावी लागायची. मग तिनं शेडबाहेरच्या कडुनिंबाकडे कॅमेरा वळवला. चित्र आलं, पण दुधातून पाहिल्यासारखं. आत, काचांवर, बुरशीचं बारीक जाळं होतं. हरसूलकडचे इतके पावसाळे लेन्सनं कोनाड्यात काढले होते.

"असू दे," चाचा म्हणाले. "जशी आहे तशी वापर."

वेदिकानं ऐकलं नाही. घरी गेल्यावर तिनं मागची कडी फिरवून पाहिली, ती सहज सुटली. आत दोन काचा आणि मध्ये एक पातळ कडी. टेबलावर पडलेल्या त्या वस्तू तिनं उत्साहानं पुसल्या. काचा लखलखीत झाल्या. परत बसवताना मात्र तिचा हात थांबला. आधी कुठली होती? कुठली बाजू वर होती? तिनं अंदाजानं बसवल्या. चित्रात कशालाच कड नव्हती, सगळं ओल्या कागदावरच्या शाईसारखं पसरलं होतं. तिनं काचा उलटवल्या, अदलाबदल केली, कडी फिरवली. एकदा थोडं बरं आलं, पण तेच बरोबर की अजून काही चुकतंय, हे ठरवणार कसं?

शनिवारी सकाळी ती पडलेल्या चेहऱ्यानं शेडमध्ये आली. इनायतचाचांनी सगळं ऐकून घेतलं.

"उघडताना फोटो काढून ठेवला होता?"

"नाही."

"दिवसाला पाचशे काढतेस." एवढंच ते बोलले. मग दुपारपर्यंत दोघांनी मिळून प्रयत्न केले. शेवटी चाचांनी काचा कापसात गुंडाळून ठेवल्या. "मी धातूचा माणूस. काचेचं मला कळत नाही. ज्यानं बावीस वर्षं मशीन चालवलं, त्यालाच विचार."

"कोणत्या तोंडानं विचारू?"

"उद्या मी येतो तुझ्याबरोबर. पण सांगायचं तू."

रविवारी ते दोघं त्र्यंबकवरून पुढे घाटानं हरसूलकडे निघाले. वाटभर वेदिका मनात वाक्यं जुळवत होती. पाड्यावर पोहोचले तेव्हा बारकूबाबाच्या ओसरीवर लंकाबाई बसली होती, टाचेला चिंधी बांधून.

"बुधवारी मोडला," लंकाबाई म्हणाली. "बाबानं बघितलं, पण त्याला भिंगाबिगर दिसंना. मी म्हणलं, रविवारी ताई येतीय, तवर कळ काढू."

जुळवलेली सगळी वाक्यं वेदिकाच्या डोक्यातून गेली. ती बारकूबाबासमोर खाली बसली. "बाबा, मी ती उघडली. तुम्हाला न विचारता. आत बुरशी होती, पुसायला म्हणून उघडली आणि काचा कशा होत्या ते विसरले. आता नीट बसत नाहीत. माझी चूक आहे." तिनं नळी आणि कापसातल्या काचा त्याच्यापुढे ठेवल्या.

बारकूबाबानं त्या काचांकडे पाहिलं. इनायतचाचा खांबापाशी उभे होते. मग बारकूबाबानं आत हाक मारली, "पाणी आण. आन साबण."

त्यानं हात धुतले, कोपरापर्यंत. धुतलेलं धोतर आणवून खाटेवर पसरलं. एक काच कडेनं दोन बोटांत धरून दाराकडे वळवली. काचेच्या पोटात दाराचं छोटं प्रतिबिंब उमटलं होतं. ती उलटी केली. आता दार मोठं दिसत होतं.

"हे बघ," तो वेदिकाला म्हणाला. "दार बारकं दिसलं, म्हंजे पोट मोठं. दार मोठं दिसलं, म्हंजे पोट लहान. आन ही दुसरी, ही वाटी. ही खोलगट हाय. वाटीचं तोंड फिल्लमकडं करायचं, पडद्याकडं नाय. त्या वाटीम्होरं ही फुगीर, मोठं पोट वाटीकडं. मधी कडी. बस्स."

"कुणी शिकवलं तुम्हाला?" इनायतचाचांनी विचारलं.

"कोण शिकवणार? जत्रेत लय धूळ. खेळ सुरू व्हायला पाव तास, तंबूत हजार माणूस बसलेलं, आन पडद्यावर डाग. मालक वरडायचा, बारकू, उघड! पयल्यांदा मी पण उलटीच बसवली. हिरो का हिरोईन, काय कळंना. लोकांनी चपला फेकल्या." तो हसला, आणि वेदिकालाही हसू आलं.

कडी आवळून तो उठला आणि घरात गेला. "या आत." खोलीत अंधार होता. मागच्या भिंतीला एक जुनं कॅलेंडर उलटं, कोऱ्या बाजूनं टांगलेलं होतं. बारकूबाबानं नळी त्या कोऱ्या कागदासमोर वीतभराच्या आत धरली आणि किंचित मागेपुढे केली. कागदावर अंगण उतरलं. पूर्ण रंगांत, उलटं. वेदिकाची गाडी चाकं वर करून उभी होती. खाली आभाळ होतं, वर माती, आणि मातीवरून एक कोंबडी डोकं खाली करून दाणे टिपत चालली होती. तिच्या तुऱ्याचा लाल रंगसुद्धा दिसत होता.

"सुभानअल्लाह," इनायतचाचा हळूच म्हणाले.

बारकूबाबा चित्राच्या कडा तपासत होता. "बरोबर बसली," तो म्हणाला. "आता आधी लंकाबाईचा पाय."

लंकाबाईचा काटा निघायला दहा मिनिटं लागली, कारण तो मुरला होता. तोपर्यंत इनायतचाचा खाटेच्या कडेला बसून बारकूबाबाच्या हातांकडे पाहत होते. सुई कुठे थांबते, कुठे वळते. काटा बाहेर आल्यावर त्यांनी पिशवीतून आपली अॅल्युमिनियमची नळी काढून बारकूबाबाच्या हातात दिली. बारकूबाबानं ती दोन बोटांनी फिरवली. एकदा, दोनदा. मग डोळे मिटून तिसऱ्यांदा.

"कुठं अडकत नाय," तो म्हणाला.

"एक केली होती, ती अडकत होती," इनायतचाचा म्हणाले.

"मग?"

"टाकून दिली."

बारकूबाबानं मान हलवली. वेदिका दोघांकडे पाहत होती. तासाभरापूर्वी एकमेकांचं नावही धड माहीत नसलेली ही दोन माणसं आता एकमेकांना पुरती ओळखत होती, आणि त्या ओळखीत आपल्याला अजून जागा नाही, हे तिला कळलं. त्याचं तिला वाईट वाटलं नाही.

तिनं लेन्स कॅमेऱ्यावर चढवली आणि बारकूबाबाला ओसरीच्या कडेला, मागं आंब्याचं झाड येईल असं बसवलं.

"माझा कशाला?"

"बावीस वर्षं तुम्ही दुसऱ्यांचे चेहरे दाखवलेत या काचेतून. तिकडे पडदा होता ना? आता पडद्याच्या जागी तुम्ही बसा."

तो टोपी सारखी करून बसला. वेदिकानं नळी फिरवली. चित्र धुक्यातून बाहेर येत गेलं. आधी कपाळावरच्या आठ्या, मग पापण्या, मग डोळ्यातलं पाणी. तिथेच तिनं थांबवलं. आंब्याची पानं मागे गोल गोल वितळून त्याच्याभोवती फिरत होती. त्याचा चेहरा मात्र मध्ये स्वच्छ होता, आणि त्या स्वच्छपणात कॅटलॉगच्या व्हॉल्व्हचा कोरडेपणा नव्हता. गालावरचं ऊन कातडीत मुरल्यासारखं दिसत होतं. तिनं सहा फोटो काढले आणि कॅमेरा खाली घेतला. सातव्याची गरज नव्हती.

स्क्रीनवर तिनं त्याला दाखवलं. वाटलं, तो स्वतःकडे पाहून लाजेल किंवा हसेल. बारकूबाबानं चेहरा पाहिलाच नाही. तो कोपरे पाहत होता.

"कोपरे फिरतात. पयल्यापासनं फिरायचे. मी मालकाला सांगितलं होतं. तो म्हणायचा, लोक मधी बघतात रे, कोपऱ्यात कोण बघतो?"

"मी बघते," वेदिका म्हणाली. "मला तेच आवडतं."

"मग तू आपरेटर व्हायला पाहिजे होतीस."

तेवढ्यात कमळाबाई बाहेर आली. तिला फोटो दाखवला. तिनं पदरानं हात पुसून कॅमेरा नीट धरला आणि नवऱ्याकडे एकदा, स्क्रीनकडे एकदा असं पाहिलं. "आधार कार्डावर चोरासारखा आलाय," ती म्हणाली. "हे बरं हाय."

त्यानंतर वेदिका महिन्यातून एकदा जाऊ लागली. अॅल्युमिनियमची नळी तिच्याकडे आणि पितळेची लेन्स बारकूबाबाकडे, असं ठरलं. ती गेली की दोन्ही जोडायच्या. काम तुंबलेलं असेल तर आधी काटे, मग फोटो. पाड्यावरच्या बऱ्याच म्हाताऱ्यांचा आयुष्यातला एकच फोटो होता, तोही ओळखपत्रावरचा. वेदिकानं एकेकाला आंब्याखाली बसवलं. लंकाबाई आपला हंडा घेऊन बसली. हंड्याशिवाय काढायला ती तयारच होईना. फोटोंच्या मोठ्या प्रती काढून वेदिका घरोघरी देऊन यायची.

त्यातले काही फोटो नाशिकमधल्या एका प्रदर्शनात लागले. तिथे एका संग्राहकानं लेन्सची चौकशी केली. अशी लेन्स आता मिळत नाही, ती कपाटात जपून ठेवायला हवी, असं त्याचं म्हणणं होतं. वेदिकानं त्याला बारकूबाबाचा पत्ता दिला नाही. पुढच्या खेपेला बाबाला मात्र सांगितलं. तो म्हणाला, "कपाटात काय बघंल ती?"

पावसाळा संपल्यावर एके दिवशी बारकूबाबानं स्वतःहून विचारलं, "त्या चाचाचं मशीन मला बघायचंय. कधी नेशील?"

ती त्याला अंबडला घेऊन आली. कारखान्यांच्या रांगा, ट्रक, पत्र्याच्या शेडा तो खिडकीतून बघत होता. इनायतचाचा दारात उभेच होते. सलिमानं मटणाचा रस्सा आणि बाजरीची भाकरी केली होती, पण जेवायला कुणी तयार नव्हतं. चाचांनी लेथला पितळेचा एक तुकडा लावला आणि मशीन सुरू केलं. टूल टेकलं तसे धातूचे बारीक सोनेरी कण उडू लागले.

बारकूबाबा वाकून बघत राहिला. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "मी करू?"

"करा की."

इनायतचाचांनी त्याचा हात टूल सरकवायच्या चाकावर ठेवला आणि त्यावर आपला हात ठेवला. "हळू. घाई केली की ते रागावतं. ऐका, आवाज बदलला की थांबायचं."

दोघंही कान देऊन ऐकत होते. आतून सलिमानं तिसऱ्यांदा हाक मारली. वेदिका दाराशी स्टुलावर बसली आणि म्हणाली, "चाची, तुम्ही वाढायला घ्या. यांना वेळ लागेल."